ऐकून शिकणारा

माझ्या धाकट्याचं दुसरीचं वर्ष सरलं तरी त्याला वाचता येत नव्हतं. मी त्याची आई, रोज त्याचा अभ्यास घेणारी, आणि मला हे कित्येक महिने कळलं नाही. दुर्लक्ष झालं असतं तर एक वेळ मनाची समजूत घालता आली असती. पण त्या दिवसांत लेकरांच्या अभ्यासाशिवाय मला दुसरं काही सुचत नव्हतं. कुठलं मूल कसं शिकतं याचा तक्ता करून मी तो कपाटाच्या दारावर चिकटवला होता आणि सगळं त्या तक्त्याबरहुकूम चाललं होतं. तसा तक्ता आता पुष्कळ घरांत पोचला आहे, म्हणून हे लिहून काढते आहे.

आमचं वालूर सेलू तालुक्यात. कापूस, सोयाबीन, तूर, थोडी ज्वारी, घरोघरी तेच. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा घरात शिकणारी तीन लेकरं होती. थोरली पाचवीत जाणार होती, जाऊबाईंचा मुलगा चौथीत, माझा धाकटा दुसरीत. मी बी.ए. झालेली, त्यामुळे तिघांचा अभ्यास माझ्या वाट्याला आला आणि शेतातलं माझं काम जाऊबाईंनी अंगावर घेतलं. अशी वाटणी कुणी बसून केली नाही, ती होऊन गेली. शासनाचं ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ चाललं होतं. गुरुजी व्हॉट्सॲपवर अभ्यास पाठवायचे. पण मोबाइल एक, आणि तो दिवसभर ह्यांच्या खिशात, शेतात. 20 जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागायला लागलं, पहिली ते आठवीच्या बालभारतीच्या पुस्तकांवरचे पाठ. लाइट असली की ते बघायचो. बाकी सगळं माझ्यावर.

सुरुवातीला मी तिघांना एका सतरंजीवर बसवून एकसारखंच शिकवत होते. मी मोठ्याने वाचायचं, त्यांनी ऐकायचं, मग पाठाखालचे प्रश्न वहीत उतरवायचे. मला शाळेत तसंच शिकवलं होतं, दुसरं काही ठाऊक नव्हतं. थोरलीचं भराभर लिहून व्हायचं. पुतण्या पेन्सिल चावत दाराकडे बघत बसायचा. धाकटा दोन ओळी लिहून वहीच्या कोपऱ्यात ट्रॅक्टर काढायचा. मग माझा आवाज चढायचा. ‘ताईला येतंय, तुला कामून येत नाही?’ हे वाक्य मी किती वेळा बोलले असेन! बोलूनच थांबले असंही नाही, धपाटेही घातले. पोटच्या लेकराला घातले तसे जाऊबाईंच्या लेकरालाही घातले. त्यांनी ते एकदा पाहिलं. बोलल्या काही नाहीत, पण त्या संध्याकाळी त्यांनी त्याला स्वतःच्या हाताने जेवू घातलं, चौथीतल्या पोराला. मला ते अजून टोचतं.

दिवाळीच्या सुमारास बहिणीने एका ऑनलाइन पालक कार्यशाळेची लिंक पाठवली. त्या कार्यशाळेतल्या बाई फार मायेने बोलल्या. कुठलंच मूल मठ्ठ नसतं, प्रत्येकाची शिकण्याची शैली वेगळी असते, कुणी बघून शिकतं, कुणी ऐकून, कुणी हाताने करून. सोबत एक प्रश्नावली होती. मोकळ्या वेळात मूल काय करतं? गोष्ट ऐकायला आवडते की चित्रं बघायला? एका जागी बसतं का? उत्तरांवर खुणा करायच्या, बेरीज करायची, आणि मुलाचा प्रकार ठरवायचा. माझ्या बेरजेत थोरली ‘बघून शिकणारी’ निघाली, पुतण्या ‘करून शिकणारा’ आणि धाकटा ‘ऐकून शिकणारा’.

त्या रात्री मला फार हलकं वाटलं. एवढे दिवस घरात जो कलकलाट चालला होता त्याला काहीतरी कारण होतं, आणि ते कारण कुणाच्या आळसात नव्हतं. त्या दिवसानंतर मी लेकरांवर हात उचलला नाही. हे श्रेय त्या कार्यशाळेचं आहे आणि ते मी आजही देते. मूल एका जागी बसत नाही तेव्हा ते आपला अपमान करत नसतं, हे मला त्या बाईंनी समजावलं. पुढे जे चुकलं ते माझ्या हातून चुकलं.

तोच तक्ता कपाटाच्या दारावर लावून तिघांचे तीन अभ्यास सुरू केले. थोरलीला रंगीत खडू, नकाशे, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मोठाले तक्ते. पुतण्याला तराजू, वजनं, सोयाबीनचे दाणे, सुतळी. धाकट्यासाठी मी रात्री निजानीज झाली की ह्यांच्या मोबाइलमध्ये मराठीचे पाठ माझ्या आवाजात भरून ठेवायचे. सकाळी हे शेतात निघेपर्यंत तो मोबाइल कानाशी धरून अंथरुणातच ऐकत पडायचा. थोड्याच दिवसांत एकेक पाठ त्याला येऊ लागला. पुस्तक मांडीवर घेऊन, ओळीखाली बोट ठेवून तो घडाघडा वाचून दाखवायचा. चढउतार माझे, थांबे माझे. मी कौतुकाने जाऊबाईंना बोलावून ऐकवायचे. एप्रिल 2021 मध्ये पहिली ते आठवीच्या मुलांना परीक्षेविना वरच्या वर्गात घातलं. धाकटा तिसरीत गेला.

जून लागला, पेरणीचे दिवस आले. सासऱ्यांना आम्ही सगळे आण्णाच म्हणतो. आण्णा ओसरीवर कपाशीच्या बियाण्याची पाकिटं मोजत बसले होते. त्या पाकिटासोबत बारीक अक्षरांतलं एक माहितीपत्रक येतं. आण्णांना बारीक अक्षर दिसत नाही, त्यांनी ते धाकट्याच्या हातात दिलं. ‘वाच बरं, काय म्हणतेत ते.’ त्याने कागद दोन्ही हातांनी ताणून धरला, मग एक हात सोडवून ओळीवर बोट ठेवलं आणि सुरू केलं: ‘हे बियाणं चांगलं आहे. चांगला पाऊस पडल्यावर पेरावं. दोन झाडांत अंतर ठेवावं. पाणी साचू देऊ नये.’ आण्णा मान डोलवत होते. मी आत भाकरी थापत होते, मलाही ऐकून बरं वाटलं. भाकरी तव्यावर टाकून बाहेर आले आणि सहज कागद हातात घेतला. त्याचं बोट होतं तिथे उगवणक्षमता, शुद्धता, चाचणीची तारीख असले शब्द होते. पावसाचं कुठे नावही नव्हतं.

खाली ‘पेरणी’ असा शब्द होता. त्यावर बोट ठेवून विचारलं, हे काय आहे? तो म्हणाला, ‘पाणी.’ ‘शुद्धता’वर बोट ठेवलं, तो गप्प. मी आत जाऊन त्याचं दुसरीचं पुस्तक आणलं, त्याचा तोंडपाठ असलेला पाठ उघडला आणि मधल्याच एका वाक्यावर बोट टेकवलं. तो थांबला. मग त्याचे ओठ हलायला लागले. पहिल्या वाक्यापासून मनात म्हणत म्हणत तो त्या जागेपर्यंत येत होता. आला, आणि ते वाक्य अगदी बरोबर म्हणाला. मी त्याच वाक्यातला एक शब्द पाटीवर सुटा लिहून दिला. तो त्याला आला नाही.

तव्यावरची भाकरी करपली ते मला आण्णांनी सांगितलं.

लेकरू खोटं बोलत नव्हतं. वाचणं म्हणजे कागद समोर धरून त्याला शोभेलसं काही नीट बोलणं, अशी त्याची खरोखरीची समजूत झाली होती, आणि ती मी करून दिली होती. रात्री जागून, मायेने.

‘प्रथम’ ही संस्था ‘असर’ नावाच्या पाहणीत गावोगावच्या मुलांचं वाचन तपासते. त्यांची रीत साधी आहे. पायऱ्या चार: सुटी अक्षरं, शब्द, सोपा परिच्छेद, गोष्ट. मूल जिथवर नीट वाचेल ती त्याची पायरी. ही रीत मला माहीत होती, पुतण्यावर मी ती करूनही पाहिली होती. धाकट्यावर केली नाही, कारण तो वाचत होता ना! त्या दिवशी केली. अक्षरं बहुतेक येत होती. ध आणि घ, भ आणि म यांत घोटाळा. काना जमत होता. वेलांटीला मात्र तो हमखास अडखळायचा. आपल्या लिपीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहितात आणि तिचा उच्चार नंतर होतो. ‘कविता’मधली वेलांटी क आणि व यांच्या मध्ये दिसते, म्हणून तो ती क ला लावून ‘किवता’ म्हणत होता. जोडाक्षर एकही येत नव्हतं. म्हणजे पहिलीचं वर्ष मार्चमध्ये जिथे तुटलं तिथेच तो होता. मधलं अख्खं वर्ष त्याने कानावर निभावलं होतं.

प्रश्नावली भरताना तो ऐकून शिकतो असं मला दिसलं, ते खरंच होतं. पण तो ऐकून शिकत होता तो वाचता येत नव्हतं म्हणून. थोरली मोठ्याने वाचायची, मी वाचायचे, टीव्हीवरची माणसं वाचायची, आणि हा मिळेल ते कानाने गोळा करून आपली वेळ निभावायचा. हुशार लेकरू होतं, म्हणून निभावता आलं. त्याची वाट जिथे अडली होती तिथला दगड काढायचं सोडून मी त्याला बाजूची पायवाट झाडून दिली. आणि तक्ता डोळ्यांसमोर असल्यामुळे मला शंकाही आली नाही. लिहायला तो का टाळतो? ऐकून शिकणारा आहे. पुस्तक उघडं ठेवून छताकडे का बघतो? ऐकून शिकणारा आहे. एकच उत्तर सगळ्या प्रश्नांना लागू पडायला लागलं तेव्हाच मी थबकायला हवं होतं.

त्याच आठवड्यात ह्यांनी त्याला सेलूला नेऊन डोळे आणि कान तपासून आणले. काही निघालं नाही. पण निघालं असतं तर? चष्म्याचा नंबर असता तरी मी त्याला ‘शैली’च म्हणत राहिले असते. वाचनात अडणाऱ्या लेकराचे डोळे-कान सगळ्यात आधी तपासावेत, आणि नीट शिकवूनही अक्षरं जुळत नसतील तर अध्ययन अक्षमतेची तपासणी जाणकाराकडून करून घ्यावी. या दोन्ही गोष्टी प्रश्नावलीच्या आधीच्या आहेत, मी त्या नंतर केल्या.

माझी मामेबहीण तेव्हा परभणीला बी.एड. करत होती. मी तिला सगळं सांगितलं तेव्हा तिने मला या ‘शैलीं’चं मूळ वाचायला लावलं. न्यूझीलंडमध्ये शाळा तपासनीस म्हणून काम केलेले नील फ्लेमिंग यांनी 1992 मध्ये अशी प्रश्नावली मांडली. त्यांचे प्रकार चार होते: बघणं, ऐकणं, वाचणं-लिहिणं आणि करणं. आमच्या कार्यशाळेत तिसरा गळला होता. पण मला तो तिसरा प्रकारच सगळ्यात धोक्याचा वाटतो. वाचणं-लिहिणं ही एक शैली मानली की ज्या मुलाची ती शैली नाही त्याला वाचनातून सूटच मिळते. पुष्कळ जण याला हॉवर्ड गार्डनर यांच्या बहुविध बुद्धिमत्तेशी जोडतात. गार्डनर यांचं पुस्तक 1983 चं, आणि बुद्धिमत्ता वेगळी, शिकण्याची शैली वेगळी, हे त्यांनी स्वतः पुढे स्पष्ट केलं आहे.

मग 2008 सालचा एक आढावा. हॅरोल्ड पॅशलर आणि त्यांचे तीन सहकारी, सगळे मानसशास्त्राचे अभ्यासक. त्यांनी विचारलेला प्रश्न अगदी व्यवहारी होता. बघून शिकणारी आणि ऐकून शिकणारी अशी मुलं वेगळी काढा. दोन्ही गटांतल्या निम्म्या मुलांना चित्रांनी शिकवा, निम्म्यांना बोलून. शेवटी सगळ्यांची एकच परीक्षा घ्या. कल्पना खरी असेल तर प्रत्येक गटाला आपापल्या पद्धतीने जास्त यायला हवं. असे नीट केलेले प्रयोग त्यांनी शोधले. फार थोडे सापडले, आणि त्यातल्या काहींचे निष्कर्ष तर उलटेच होते. शैलीप्रमाणे शिकवल्याने मुलं जास्त शिकतात असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही, असं त्यांनी लिहिलं. मुलांना आवडीनिवडी नसतात असं त्यांचं म्हणणं नव्हतं. आवड असते, ती ओळखताही येते. पण आवडीप्रमाणे शिकवलं की जास्त येतं, हे सिद्ध झालेलं नाही.

हे वाचून मला राग आला, आणि तो काही दिवस टिकला. मी ज्याच्या आधाराने मारणं सोडलं तेच खोटं असेल तर मग काय? त्यावर मामेबहीण म्हणाली, ‘ताई, मारणं सोडायला पुरावा कशाला पाहिजे गं?’ तिचं बरोबर होतं.

वाचन आम्ही पहिल्यापासून सुरू केलं. मुळाक्षरांची ओळ सोडली. चार-पाच अक्षरं आणि एखादं स्वरचिन्ह घ्यायचं, त्यातून होतील तेवढे शब्द करायचे, ते पाटीवर उलटसुलट क्रमाने वाचायचे. वेलांटीसाठी मी वेगळ्या रंगाचा खडू घेतला आणि ती कुठल्या अक्षराची आहे तिथे बाण काढला. बाण डोळ्यांनी बघायचा, शब्द तोंडाने म्हणायचा, मग हाताने लिहायचा. डोळा, कान, हात, तिन्ही आले, कारण वाचायला तिन्ही लागतात. धाकटा खूप रडला. त्याला घडाघडा वाचायची आणि त्यावर शाबासकी घ्यायची सवय लागली होती, आणि आता तो सगळ्यांच्या देखत ‘दि-वा’ करत बसला होता. थोरलीला हसू यायचं, मी तिला दटावायचे, मग तीही रुसायची. त्या पावसाळ्यात घरात सुख नव्हतं. मोबाइलमधल्या माझ्या पाठांची त्याला रोज आठवण यायची. ते पुसायला माझाही हात धजत नव्हता; पुसले मात्र.

गणितातलं सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल. 2019 च्या जूनमध्ये दुसरीचं गणिताचं नवं पुस्तक आलं. त्यात एकवीस, बहात्तर यांच्या जोडीला ‘वीस एक’, ‘सत्तर दोन’ असंही वाचन दिलं होतं. विषय समितीच्या अध्यक्ष गणितज्ञ मंगला नारळीकर. मराठीत संख्या बोलताना एकक आधी येतो आणि दशक नंतर, लिहिताना मात्र दशक आधी. लहान मुलं त्यात अडतात, असं त्यांचं म्हणणं होतं. जुनी नावं काढलेली नव्हती, दोन्ही दिली होती. तरी केवढा गदारोळ झाला. विनोदांचे ढीग फिरले, आणि त्यातले काही मीही पुढे पाठवले. पुस्तक उघडूनही बघितलं नव्हतं.

त्याच पुस्तकातून धाकटा शिकला, आणि मी त्याला ‘वीस एक’ शिकवायचं टाळलं. आता त्याच्या जुन्या वह्या काढून बसले. त्रेसष्ट सांगितलं तिथे त्याने 36 लिहिलं होतं. बहात्तरला 27. एकोणसत्तरला 71. तेव्हा मी प्रत्येकावर लाल फुली मारून ‘लक्ष दे’ असं लिहिलं होतं, आणि तक्ता आल्यावर तर तेही सोडून दिलं होतं, हा आकडे बघणारा नव्हेच म्हणून. खरं तर त्याचं लक्ष पूर्ण होतं. ‘त्रे’ आधी ऐकू आला, म्हणून त्याने तीन आधी लिहिला. एकोणसत्तरमध्ये त्याला ‘एक’ आणि ‘सत्तर’ एवढंच ऐकू आलं, म्हणून 71. प्रत्येक चुकीमागे त्याचा विचार होता, तो मी एकदाही विचारला नाही. नारळीकरबाई 2023 मध्ये गेल्या. त्यांनी जे पुस्तकात मांडलं ते माझ्या घरातल्या वहीत जसंच्या तसं होतं, आणि मी त्याच्यावर हसणाऱ्यांत होते, याची मला लाज वाटते.

तुराट्यांच्या बारीक काड्या मोडून दहा-दहाचे गठ्ठे बांधले. त्रेसष्ट म्हणजे किती गठ्ठे? ‘तीन,’ तो म्हणाला. मांडून मोजले तर तीसच काड्या झाल्या. मग सहा गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या मांडल्या आणि त्याला म्हणू दिलं: साठ तीन. आधी साठ तीन म्हणायचं, लिहायचं, मग त्यालाच त्रेसष्ट म्हणतात हे सांगायचं. या वेळी थोरली येऊन बसली. पाचवी संपवलेली, तक्त्यातली ‘बघून शिकणारी’, सुंदर अक्षराची. मी सहज तिला बासष्टमधून सत्तावीस काड्या काढायला सांगितल्या. सुट्या दोनच, काढायच्या सात. ती माझ्याकडे बघत राहिली. हातचा घेऊन तिने असली शेकडो गणितं बिनचूक सोडवली होती, पण हातचा म्हणजे एक गठ्ठा सोडायचा हे तिला ठाऊक नव्हतं. रंगीत तक्त्यांमागे तिचं न समजणं इतकं छान लपलं होतं की तिच्याकडे बघायची मला गरजच वाटली नव्हती. काड्या काही ‘करून शिकणाऱ्या’च्या मालकीच्या नव्हत्या. संख्येत दहाचे गठ्ठे असतात, म्हणून गठ्ठे मांडायचे, ते ज्याला त्याला लागतात.

आणि धाकट्याचा कान? तो वाया गेला नाही. आण्णांची शाळा निजामाच्या राज्यात सुरू झाली, 17 सप्टेंबर 1948 ला ते राज्य संपलं तेव्हा ते लहान पोर होते. त्यांना पावकी, निमकी, सवायकी, अडीचकी हे पाढे अजून तोंडपाठ. आडतीवर कॅल्क्युलेटर लागायच्या आत ते हिशेब सांगतात. तक्त्याच्या दिवसांत मी त्यांना मुलांपुढे पाढे म्हणू देत नव्हते, घोकंपट्टी नको म्हणून. वडीलधाऱ्या माणसाला मी सरळ गप्प बसवलं होतं. आता मी स्वतः जाऊन त्यांना म्हटलं, आण्णा, याला तुमच्यासोबत पाढे म्हणू द्या. गठ्ठ्यांवर गुणाकार कळल्यानंतर धाकट्याने जे पाढे उचलले ते ऐकत राहावे असे. पाव आणि निमही त्याला आण्णांकडून आले, माझ्याकडून नाही.

1 डिसेंबर 2021 ला ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग सुरू झाले तेव्हा तो परिच्छेद वाचत होता, अडखळत, पण न पाहिलेला परिच्छेद.

राहिला पुतण्या. त्याच्या बाबतीत माझी चूक सगळ्यात उशिरा उमगली, कारण तो आनंदात होता. तराजू, दाणे, सुतळी, सगळं त्याच्या मनासारखं. आमच्या गावात जुन्या बारवा आहेत. त्यातली एक वळत वळत खाली जाणाऱ्या पायऱ्यांची, गोल. गावकऱ्यांनी 2021 च्या सुमारास ती साफ करून मोकळी केली, आता लांबून लोक बघायला येतात. मी तिघांना तिथे नेलं. वर्तुळ, त्रिज्या, परीघ हे शब्द तिथेच सांगितले. पुतण्या खाली-वर करून दमला, पायऱ्या मोजल्या, फार खूश. मी घरी येऊन ह्यांना म्हटलं, आज पोरगं कायमचं शिकलं. दोन दिवसांनी त्याला परीघ विचारला तर त्याने मला कबुतरांच्या घरट्याचं सांगितलं. त्याचं मन जिथे होतं तेच त्याच्याजवळ राहिलं. हातपाय चालले म्हणजे डोकं परिघावर होतं असं कसं धरलं मी? तराजूच्या वेळीही हेच झालं असणार, मी विचारलंच नव्हतं.

पुढच्या वेळी मी आधी प्रश्न ठेवला. परातीच्या कडेला सुतळी एकदा पूर्ण फिरवायची. तेवढीच सुतळी परातीवर मधोमध आडवी टाकली तर किती वेळा मावेल? तो म्हणाला, दोन. थोरली म्हणाली, चार. मोजलं तर तीन आणि थोडी वर. मग ताटली, डब्याचं झाकण, सायकलचं चाक. प्रत्येक वेळी तीन आणि थोडी वर. ‘सगळ्यालाच कामून तीन येतंय?’ असं त्याने विचारलं, तेव्हा पहिल्यांदा त्याचे हात थांबले.

बोर्डीला 1945 पासून आणि मग कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी खडे, बिया, शिंपले घेऊन आदिवासी मुलांना शिकवलं. मूल शाळेत येत नाही तर जिथे ते गुरं राखतं तिथे जाऊन कुरणशाळा चालवली. त्यांचं काम मी फार उशिरा वाचलं. त्यांच्या हातातल्या बिया आणि माझ्या हातातले सोयाबीनचे दाणे सारखेच होते. त्या मुलाकडे बघत होत्या, मी तक्त्याकडे.

पुतण्या आता नववीत आहे. शेतातल्या मोटारीचा स्टार्टर तो उघडून जोडतो, सोबत आलेला कागद मात्र उघडत नाही. ‘काकू, मला वाचून नाही समजत. मी करून शिकणारा आहे,’ असं तो मलाच सांगतो. ते शब्द माझेच. धाकट्याच्या बाबतीत मी चूक केली ती मला त्याच्या वहीत सापडली, खोडता आली. याच्या बाबतीत ती त्याच्या तोंडात जाऊन बसली आहे. दहा वर्षांच्या पोराला मी सांगितलं की तू असा आहेस, आणि त्याने माझं ऐकलं. मी त्याला, जाऊबाईंच्या समोर, ते चुकीचं होतं असं सांगितलं आहे. तो हसून म्हणाला, ‘राहू द्या हो काकू.’

सध्या आम्ही दोघं रात्री जेवणं झाली की त्याच्या विज्ञानाच्या पुस्तकातला ‘गतीचे नियम’ हा धडा घेऊन बसतो. तो एक परिच्छेद वाचतो, पुस्तक मिटतो आणि काय कळलं ते मला सांगतो. नाही कळलं तर कुठल्या वाक्यापासून कळेनासं झालं ते वाक्य शोधतो. पहिले काही दिवस तो सरळ म्हणायचा, ‘सगळंच नाही कळलं.’ आता बहुतेक वेळा त्याला ते वाक्य सापडतं, आणि बऱ्याचदा त्यात एखादाच शब्द अडलेला असतो.